घराचा लोड वाढवताना : वायर भिंतीतून न्यायची की भिंतीवरून?

महावितरणकडे अर्ज केला, टेस्ट रिपोर्ट जोडला, मंजूर भार तीनवरून सात किलोवॅट झाला आणि पुढच्या बिलावर नवा आकडा छापून आला, की लोड वाढला असं आपण धरून चालतो. वाढलेला असतो तो कागदावरचा लोड. भिंतीच्या पोटात चाळीस वर्षांपूर्वी ओढलेली वायर तशीच असते. घरात आता दोन एसी, दोन गिझर आणि एक इंडक्शन आलंय, हे तिला कुणी कळवलेलं नसतं.

मीटर आणि त्याच्या कटआउटपर्यंतचा मामला महावितरणचा. तिथून पुढचं सगळं आपलं. मीटररूममधून जिन्याने किंवा डक्टमधून वर येणारी मेन लाईन, दारामागचा डीबी (घरातल्या लाईनी जिथून फुटतात ती पेटी), खोल्याखोल्यांतल्या लाईनी, अर्थिंग, सगळं. म्हणजे लोड वाढवण्याचं खरं काम अर्ज मंजूर झाल्यावर सुरू होतं आणि ते भिंतीशी असतं.

इलेक्ट्रिशियन येतो, डीबी उघडून बघतो आणि विचारतो, "कन्सील्डच करायचं ना?" म्हणजे वायर भिंतीत गाडायची ना. आपण मान हलवतो. पाईप दिसला की घर जुनाट वाटतं, हे डोक्यात पक्कं बसलंय. माझं मत वेगळं आहे. मीटरपासून डीबीपर्यंतची जाड मेन लाईन भिंतीवरून, डोळ्यांना दिसेल अशी न्यावी. खोल्यांतल्या बारीक लाईनी हव्या तर लपवाव्यात, त्याही भिंत सोसेल तेवढ्याच. असं का म्हणतो ते कळायला आधी विजेचा हिशेब करावा लागेल, मग भिंतीचा.

आधी अँपिअर

दीड टनाचा एसी चालू असताना साधारण दीड ते पावणेदोन किलोवॅट घेतो. साठवणीचा गिझर दोन, इन्स्टंट गिझर तीन, इंडक्शन दोन, पाणी तापवून कपडे धुणारं मशीन दोनच्या आसपास. नुसती बेरीज केली तर टू बीएचके फ्लॅटचीही बारा-तेरा किलोवॅट होते, आणि ती बघून लोक घाबरून थ्री फेज मागतात. पण सगळं एका वेळी चालत नाही. सकाळी सातला गिझर, इंडक्शन आणि मशीन, रात्री दोन एसी. खरा उच्चांक सहा-सात किलोवॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला तीस अँपिअरच्या आसपास. हे सिंगल फेजमध्ये बसतं. पार्किंगमध्ये ७.४ किलोवॅटचा कार चार्जर लावायचा असेल तर तो एकटाच ३२ अँपिअर घेतो, आणि तिथे मात्र थ्री फेजला पर्याय उरत नाही. ३.३ किलोवॅटच्या हळू चार्जरवर रात्रभरात भागत असेल तर अजूनही सिंगल फेजवर जमू शकतं.

थ्री फेजचा फायदा वायरीच्या जाडीत दिसतो. दहा किलोवॅट तीन फेजांत वाटले की प्रत्येकातून चौदा-पंधरा अँपिअरच वाहतात. सिंगल फेजमध्ये तोच भार चव्वेचाळीस अँपिअर खातो. पण महिन्याचा स्थिर आकार जास्त लागतो आणि एक धोकाही पदरात पडतो. न्यूट्रल, म्हणजे प्रवाह परत नेणारी तार, कुठे सैल झाली, तर एखाद्या फेजवर २३० च्या जागी साडेतीनशे व्होल्टपर्यंतही दाब चढू शकतो, आणि टीव्ही, फ्रिज, राऊटर एका मिनिटात गार होतात. म्हणून थ्री फेज घेणाऱ्याने न्यूट्रलच्या जोडावर खर्च करावा, झुंबरावर नंतर.

आता वायर. दुकानात 'अडीचची', 'चारची', 'सहाची' म्हणून जी मागतो, तो तिच्या आतल्या तांब्याचा छेद असतो, चौरस मिलिमीटरमध्ये. विटेच्या भिंतीतल्या पाईपमधून एकच सर्किट जात असेल आणि हवा ३० अंश असेल, तर पीव्हीसी आवरणाची अडीचची तांब्याची वायर २४ अँपिअर वाहू शकते. आंतरराष्ट्रीय तक्त्यांतला हा आकडा. पण पुण्याच्या एप्रिलमध्ये ३० अंश कुठले? ४० अंशांसाठी त्याला ०.८७ ने गुणायचं. उरले २१. आता त्याच पाईपमध्ये इलेक्ट्रिशियनने आणखी दोन सर्किटं कोंबली, कारण भिंतीत दुसरी झिरी (पाईपसाठीची खाच) मारायचा कंटाळा. तीन सर्किटं एकत्र असली की ०.७ ने गुणायचं. उरले साडेचौदा. त्या लाईनवर बसवलेली असते २० अँपिअरची एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). म्हणजे वायर साडेचौदाला थकते आणि राखणदार विसाशिवाय उठत नाही.

वायर बघायची तर तिचा रस्ताही बघायचा, तो यासाठी. तीच वायर एकटी पाईपमध्ये असली तर वेगळी, गर्दीत असली तर वेगळी, गरम गच्चीखालून गेली तर आणखी वेगळी.

लोड वाढवला की होणारा सर्वांत धोकादायक प्रकार इथेच सांगून टाकतो. एमसीबी वारंवार पडते म्हणून १६ ची काढून ३२ ची टाकतात. पडणं थांबतं, घरातले खूश, इलेक्ट्रिशियनला चहा. एमसीबीचं काम उपकरण चालू ठेवणं हे नाहीच, तिच्यामागची वायर जळू न देणं हे आहे. वायर न बदलता मोठी एमसीबी बसवली म्हणजे भिंतीतल्या वायरीला वाऱ्यावर सोडलं.

मग भिंत

पुण्यात किमान चार प्रकारच्या भिंती भेटतात. पेठांतल्या वाड्यांना खाली काळ्या दगडाचं जोतं, वर सागवानी चौकट, मध्ये विटा किंवा पांढऱ्या मातीचे भेंडे आणि त्यावर चुन्याचा गिलावा. डेक्कन, प्रभात रोडकडच्या जुन्या बंगल्यांत दगडाच्या नाहीतर नऊ-चौदा इंची विटांच्या भिंती, आणि छताचं वजन त्यांच्यावरच. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीकडच्या ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या सोसायट्यांत आरसीसीचा सांगाडा, बाहेरून जाड वीट आणि आत साडेचार इंची अर्ध्या विटेच्या पडद्या. बाणेर, हिंजवडी, खराडीच्या नव्या इमारतींत एएसी ब्लॉक (सच्छिद्र काँक्रीटचे हलके ठोकळे), किंवा ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या भिंती.

कुठली भिंत आहे हे ओळखायला फार विद्या लागत नाही. एखाद्या कोपऱ्यात ड्रिल मारा आणि भुकटी बघा. लाल म्हणजे वीट. पांढुरकी, पिठासारखी भराभर पडली तर एएसी ब्लॉक. पिवळट मऊ माती आली तर भेंडे. करडी आली आणि ड्रिल पुढे सरकायला तयार नसेल तर काँक्रीट किंवा काळा दगड.

भिंतीत पाईप गाडायचा म्हणजे झिरी मारायची. विटांच्या बांधकामासाठी भारतीय मानक आहे, आयएस १९०५. त्यात भार पेलणाऱ्या भिंतींसाठी सरळ हिशेब दिलाय : उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एकषष्ठांशापेक्षा खोल नको. आडवीला एवढा कडक नियम का? उभ्या झिरीच्या दोन्ही बाजूंनी वजन सरळ खाली उतरू शकतं. आडवी झिरी मात्र वरून येणाऱ्या वजनाची वाटच अर्धवट कापते आणि त्या रेषेवर भिंत एका अंगाने कमजोर होते.

हा नियम आपल्या भिंतींना लावून बघू. नऊ इंची भिंत म्हणजे २३० मिमी. उभी झिरी ७५ मिमीपर्यंत चालेल, आडवी ३८ पर्यंत. २५ मिमीचा पाईप दोन्हीकडे आरामात बसतो. साडेचार इंची भिंत म्हणजे ११५ मिमी. उभी ३८ पर्यंत, म्हणजे २५ चा पाईप ठीक. आडवी? १९ मिमी. त्यात २० मिमीचा पाईपसुद्धा पूर्ण बसत नाही.

तुम्ही म्हणाल, आमची साडेचार इंची भिंत भार पेलतच नाही, आरसीसीच्या खांबांवर इमारत उभी आहे. खरं आहे, इमारत पडणार नाही. पण अर्ध्या विटेची पडदी आडवी कापली की तिच्यात तडा जातो, पलीकडच्या बाजूचा गिलावा फुगतो, आणि पलीकडे जर बाथरूमच्या टाइल्स असतील तर त्या सुटून पडतात. आडवं अंतर छताजवळून, फॉल्स सीलिंगच्या वरून किंवा फरशी बदलत असाल तर फरशीखालून काढावं, आणि भिंतीत फक्त उभं उतरावं. बोर्डाच्या बरोबर वर किंवा बरोबर खाली. याचा एक फायदा पुढच्या भाडेकरूला होतो : खिळा ठोकताना वायर कुठे असेल याचा अंदाज बांधता येतो. अंतर वाचवायला तिरकी झिरी मारणारा कारागीर भेटला तर त्याला तिथेच थांबवा.

साडेचार इंची भिंतीत आणखी एक चूक सर्रास होते. मॉड्युलर बोर्डाचा लोखंडी डबा पाच सेंटिमीटरच्या आसपास खोल असतो. बेडरूमच्या बाजूने एक आणि त्याच्या पाठीला पाठ लावून हॉलच्या बाजूने दुसरा बसवला, की मध्ये भिंत नावाला उरते. आवाज आरपार, झुरळंही आरपार. दोन डबे आडवे फूटभर तरी सरकवून बसवावेत.

झिरी कशी मारली जाते हेही बघायला हवं. दोन पात्यांच्या कटरने दोन रेघा आधी कापून मधलं तेवढं छिन्नीने काढलं तर भिंतीला हादरे कमी बसतात. नुसती छिन्नी-हातोडी घेऊन बसलेला माणूस स्वस्त पडतो, पण जुनी पडदी खिळखिळी करून जातो. कटरने धूळ प्रचंड उडते. पाणी मारत कापायला सांगा, घरात दम्याचा माणूस असेल तर त्या दिवशी त्याला दुसरीकडे पाठवा. आणि आरसीसीच्या खांबाला, तुळईला झिरी नाही म्हणजे नाही. सळई दिसेपर्यंत खांब कापून पाईप बसवलेले फ्लॅट पुण्यात आहेत. तिथे सळईवरचं काँक्रीटचं कवच गेलेलं असतं आणि आत गंज धरलेला असतो.

एएसी ब्लॉकची गोष्ट निराळी. कापायला लोण्यासारखा सोपा, त्यामुळे झिऱ्या मनसोक्त मारल्या जातात. पण तो हलका असतो तो आतल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे, आणि तेच बुडबुडे उष्णता अडवतात. घर थंड राहायला हे चांगलं, आत गाडलेल्या वायरीला वाईट. विटेची भिंत वायरीची उष्णता शोषून बाहेर टाकते, ब्लॉक ती आतच कोंडतो. वर दिलेला २४ अँपिअरचा आकडा विटेसारख्या भिंतीचा आहे. एएसीमध्ये गाडताना त्याच कामाला एक माप जाड वायर घ्यावी, एसी-गिझरला अडीचच्या जागी चारची. झिरी भरताना नुसत्या सिमेंटच्या खरडीने भरू नये. ब्लॉक आणि सिमेंट वेगवेगळे आकसतात आणि वर्षभरात भिंतीवर पाईपचा नकाशा उमटतो. ब्लॉकसाठी मिळणारं मॉर्टर वापरून वरून फायबरची जाळी मारली तर हे टळतं.

सलग काँक्रीटच्या भिंतींमध्ये तर प्रश्नच नाही. बिल्डरने ओतताना घातलेले पाईप तेवढेच तुमचे. त्यांतल्या जुन्या वायरी ओढून नव्या घालता आल्या तर घालायच्या, नाहीतर बाहेरून जायचं. पुढच्या लाईनीची सोय म्हणून बिल्डरकडून इलेक्ट्रिकल पाईपांचा नकाशा ताबा घेतानाच मागून ठेवावा, नंतर तो कुणाला सापडत नाही.

वाड्याच्या आणि दगडी भिंतींबद्दल माझं मत कडक आहे : कापूच नका. भेंड्याच्या भिंतीत झिरी मारली की माती भसाभसा ओघळते, आणि ती सिमेंटने भरली की पावसाळ्यात शोषलेलं पाणी चुन्यातून जसं सहज सुकतं तसं सिमेंटमागे सुकत नाही. ओल तिथेच साठते आणि वायरीच्या डब्यांत उतरते. भरायचंच असेल तर चुन्याने भरा. काळा दगड कापणं म्हणजे पात्यांचा चुराडा, आणि शंभर वर्षं टिकलेल्या दर्शनी दगडावर कायमचा ओरखडा. तिथे क्लॅम्पसाठी भोक पाडायचं तर दगडात न पाडता सांध्यातल्या चुन्यात पाडावं, उद्या काढलं तर सांधा पुन्हा भरता येतो. विटेच्या भिंतीत बरोबर उलटं : सांध्यातला मसाला भुसभुशीत असू शकतो, म्हणून रॉल प्लग विटेच्या अंगात बसवावा, आणि स्क्रू गिलाव्याच्या पार जाईल एवढा लांब घ्यावा. गिलाव्यात अडकलेला स्क्रू काही महिन्यांत पाईपसकट लोंबतो.

मेन लाईन का दिसू द्यावी

मेन लाईनमधून घराचा सगळा प्रवाह जातो, तोही सर्वांत लांबून. समजा मीटररूमपासून चौथ्या मजल्यावरच्या डीबीपर्यंत ३० मीटर अंतर आहे आणि ३५ अँपिअर वाहतायत. सहाची तांब्याची वायर असेल तर ती तापलेली असताना जाऊन-येऊन साधारण पावणेआठ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. २७० वॅटच्या आसपास उष्णता त्या वायरीत सांडत राहते, आणि तिचं बिल आपणच भरतो, कारण मीटर खाली आहे. दहाची घेतली तर नुकसान साडेचार व्होल्टवर येतं, उष्णता १६० वॅटवर. मीटररूमपासून लांब असलेल्या फ्लॅटने सहाच्या जागी दहाची घ्यावी ती यासाठी.

ही लाईन दोन तऱ्हांनी नेता येते : पाईपमधून सुट्या वायरी, किंवा आर्मर्ड केबल. आर्मर्ड केबलमध्ये तारांभोवती गॅल्व्हनाइज्ड पोलादी तारांचं नाहीतर पट्ट्यांचं चिलखत असतं आणि वर पीव्हीसीचं आवरण. उंदीर कुरतडत नाहीत, जिन्यातून सोफा नेताना धक्का लागला तरी फरक पडत नाही, बाहेरच्या भिंतीवरून पावसात नेता येते. जिन्यातल्या किंवा डक्टमधल्या विटांच्या भिंतीसाठी माझी पहिली पसंती हीच. क्लॅम्प दर दोन फुटांवर. वळण काटकोनात मोडायचं नाही. केबलच्या जाडीच्या बारापट त्रिज्या सांगतात, म्हणजे दहाच्या दोन तारांच्या केबलला वीतभर. जागा अरुंद असेल तर हे गणित आधीच करा. दोन्ही टोकांना ग्लँड (केबल डब्याला घट्ट धरणारा धातूचा जोड) लावून चिलखत अर्थिंगला जोडायचं. हे काम टाळून केबल नुसती डब्यात खुपसलेली दिसली तर काम अर्धवट आहे. आणि चिलखत हीच अर्थिंग समजू नये, सोबत स्वतंत्र हिरवी तार हवीच. सोळापर्यंतच्या वायरीला अर्थिंगची तांब्याची तार फेजच्याच मापाची घेतात.

जी. आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपमधून सुट्या वायरी नेत असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फेज आणि न्यूट्रल एकाच पाईपमधून गेल्या पाहिजेत. लोखंडाच्या दोन वेगळ्या पाईपांतून एकेक तार नेली की पाईप स्वतःच तापतो. दोन तारा शेजारी असतील तर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात, वेगळ्या झाल्या की लोखंडात चक्री प्रवाह फिरायला लागतात. पीव्हीसी पाईपला ही अडचण नाही, पण उघड्या उन्हात तो काही वर्षांत ठिसूळ होतो.

आता दिसण्याचं. झिरीत गाडलेल्या मेन लाईनचा एखादा जोड सैल झाला, वास आला, तर शोधणार कुठे? भिंत फोडून. डक्टमधली केबल हात लावून तपासता येते, वर्षातून एकदा बघता येते, आणि पाच वर्षांनी गाडी घेतली म्हणून थ्री फेज करायचं झालं तर क्लॅम्प काढून नवी चढवता येते. कन्सील्ड मेनमध्ये पाईप २५ चा असेल तर त्यात थ्री फेजच्या दहाच्या पाच तारा ओढणं म्हणजे मारामारी. पाईपचा निम्म्याहून कमी भाग भरलेला असावा, नाहीतर ओढताना आवरण खरवडतं आणि उष्णतेलाही जागा राहत नाही.

लिफ्टच्या डक्टमधून केबल न्यायचा मोह काही जणांना होतो. तिथे लिफ्टखेरीज दुसरी केबल चालत नाही. सोसायटीच्या इलेक्ट्रिकल डक्टसाठी लेखी परवानगी घ्या, आणि प्रत्येक स्लॅबला पाडलेलं भोक आग अडवणाऱ्या मसाल्याने बुजवायला लावा. उघडी भोकं राहिली की मीटररूमच्या आगीचा धूर त्या वाटेने प्रत्येक मजल्यावर पोचतो.

बाहेरच्या भिंतीतून आत शिरताना भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं आणि केबलला खाली एक झोका द्यायचा, म्हणजे पाणी त्या झोक्याच्या टोकावरून गळून जातं. डब्यात केबल खालून घ्यायची, वरून कधीच नाही. पश्चिमेकडची भिंत जून ते सप्टेंबर पावसाचा मारा खाते, शक्य असेल तर ती टाळावी. मीटरबोर्ड नव्याने बसवताना उंचीचाही विचार करा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचं पाणी सहकारनगर-अरण्येश्वर भागात शिरलं, जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडच्या एकतानगरीत शिरलं. ओढ्या-नदीकाठच्या सोसायटीत पार्किंगमधले मीटर वर उचलण्याची परवानगी मागायची ती लोडच्या कामासोबतच मागावी, खर्च एकदाच होतो.

खोल्यांत काय

घरात माणसं राहत असताना काम करायचं असेल तर केसिंग-कॅपिंगला, म्हणजे भिंतीवरच्या झाकणवाल्या प्लास्टिक पट्टीला, नाक मुरडू नका. पांढरी पट्टी छताच्या कडेने आणि चौकटीच्या बाजूने नेली तर दोन दिवसांत डोळ्यांना सवय होते, आणि झाकण उघडून वायर बदलता येते. कोरड्या भिंतीवर उत्तम. ओल येणाऱ्या भिंतीवर आणि बाथरूममध्ये नको, तिथे सॅडलवर बसवलेला बंद पाईप बरा. एसी आणि गिझरला डीबीपासून स्वतंत्र लाईन हवी, आणि ती नव्याने न्यायची असल्यामुळे बहुतेक वेळा पट्टीतून किंवा पाईपमधून वरूनच नेणं शहाणपणाचं. जुन्या दिवे-पंख्यांच्या लाईनी आहेत त्या पाईपमध्येच बदलाव्यात : वायर ओढायची स्प्रिंग घालून बघायची, सहज सरकली तर नशीब. साठ-सत्तरच्या दशकातल्या घरांत काळे लोखंडी पाईप निघतात. आत गंजाचे पापुद्रे असतात, ते नव्या वायरीचं आवरण सोलतात. असा पाईप सोडून द्यावा.

वाड्यात लाकडाला लागून वायर नेताना मी पीव्हीसी पट्टी वापरणार नाही. सुकलेलं सागवान आणि तापलेला जोड यांच्यामध्ये धातूचा पाईप असावा, तोही लाकडापासून थोडा उचललेला, आणि अर्थिंगला जोडलेला. भेंड्याच्या भिंतीत प्लग टिकत नाही, म्हणून पाईपचे क्लॅम्प खांब-तुळयांवरच येतात, त्याला इलाज नाही. जुनी लाकडी बॅटनवरची रबरी वायर सापडली तर तिला जोड देऊन पुढे वाढवू नका. रबर वाळून तडकलेलं असतं, हात लावला की गळून पडतं. ती पूर्ण काढायची. जुनी ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याची वायर पीळ देऊन जोडायची नाही. दोन धातूंच्या जोडात ओलाव्याने गंज धरतो आणि जोड तापतो. दोन्ही धातूंसाठी बनवलेला लग किंवा कनेक्टर मिळतो, बुधवार पेठेत विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत मागा.

अर्थिंग तपासल्याशिवाय यातलं काहीही पूर्ण होत नाही. जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाईपला बांधलेली असायची. मधल्या काळात प्लंबिंग प्लास्टिकचं झालं आणि ती तार आता हवेत आहे. गिझरच्या सॉकेटमध्ये तिसरा पिन आहे, त्यामागे काही नाही. मीटररूममधल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध मोजून घ्या, तिथून नवी तार वर आणा, आणि डीबीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) बसवा. जुन्या वायरिंगमध्ये दोन-तीन सर्किटांची न्यूट्रल एकच असते, त्यामुळे एकाहून जास्त आरसीसीबी लावल्या की त्या सतत पडतात. मग कुणीतरी 'डिफेक्टिव्ह आहे' म्हणून बायपास करून जातो. दोष यंत्रात नसतो. न्यूट्रल सोडवून वेगळ्या करायला वेळ लागतो, त्याची मजुरी आधीच ठरवून घ्या.

काम परवानाधारक ठेकेदाराकडून घ्या, कारण लोडच्या अर्जाला लागणारा टेस्ट रिपोर्ट त्याच्याच सहीचा लागतो. पण नुसत्या सहीवर समाधान मानू नका. झिऱ्या बुजवण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) प्रत्येक सर्किट तपासायला सांगा. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थमध्ये किमान एक मेगओहम यायला हवा, नव्या वायरीत तो त्याहून कितीतरी जास्त येतो. कमी आला तर ओढताना कुठेतरी आवरण खरवडलंय, आणि ते आत्ताच कळलेलं बरं. त्याच वेळी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, फरशीपासूनचं अंतर दिसेल असे. गिलावा झाल्यावर डीबीच्या झाकणाच्या आत कुठली एमसीबी कुठल्या मापाच्या वायरीवर आहे ते लिहून चिकटवा.

पहिल्या आठवड्यात एका रात्री सगळा नेहमीचा भार तासभर चालवा, मग डीबीचं बाहेरचं झाकण आणि मेनचा डबा हाताने चाचपून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर इलेक्ट्रिशियनला लगेच बोलवा. आणि दोन-तीन महिन्यांनी इलेक्ट्रिशियनला पुन्हा एकदा यायला सांगा : मेन बंद करून डीबीतले सगळे स्क्रू पुन्हा आवळायचे, कारण बारीक तारांची वायर स्क्रूखाली बसत जाते आणि पहिल्या दिवशी घट्ट असलेला जोड थोडा सैल होतो. या फेरीचे पैसे सुरुवातीच्या कोटेशनमध्येच लिहून घेतले तर तो येतो.